गुरुजी ‘कृपया’ लिहीत नाहीत

“आज मी इथे जे लिहितो आहे, ते प्रोग्रॅमिंगच्या पुढच्या दहा पिढ्या तोंडपाठ म्हणतील,” असं ‘एकमेव गुरुजी’ यांनी फोरमवर जाहीर केलं, बटण दाबलं, आणि बाहीवर सांडलेला चहा धुवायला त्या उठून बेसिनकडे गेल्या.

गुरुजींना भरघोस मिशी होती. निदान फोटोत तरी होती. तो फोटो रंगाच्या एका डब्यावरून मोबाईलनं टिपलेला होता. भिंत रंगवून झाल्यावर छातीवर हात बांधून उभे राहिलेले एक गृहस्थ, चेहऱ्यावर असा भाव की भिंत ही वस्तू जगात त्यांनीच पहिल्यांदा आणली. फोरमवर या गृहस्थांना मानणारी हजारो माणसं होती. गुरुजींनी कुणाला गाढव म्हटलं की ती टाळ्या वाजवत, आणि ज्याला म्हटलं तो आठवडाभर तोंड दाखवत नसे.

बेसिनवर साबण नव्हता. गुरुजींनी बाही नुसतीच पाण्याखाली धरली.

डायलिसिस सेंटरमध्ये त्यांना सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. पन्नाशी उलटलेली, चष्मा केसांवर सरकवून मग तोच शोधत बसणारी बाई. त्यांचा विभाग म्हणजे वॉर्डच्या टोकाची खोली. तिच्यात नळ्यांचे खोके, एक चाक गेलेली व्हीलचेअर, फरशी पुसायची बादली आणि उरलेल्या जागेत ताई. प्रिंटरमध्ये कागद अडकला की ताईंना हाक, पंखा घरघरला की ताईंना हाक. पंख्यात कॉम्प्युटर नसतो हे त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं होतं. नंतर त्यांनी पंखाही शिकून घेतला.

“ताई!” थोरल्या सिस्टर पॅसेजमधूनच ओरडत आल्या. “तुमच्या प्रोग्रॅमनं परत काकांना गिळलं!”

ओल्या बाहीनं ताई वॉर्डच्या दाराशी धावल्या. बाकावर ड्रायव्हरकाका बसले होते, घडी घातलेलं ब्लँकेट मांडीवर घेऊन. उभा जन्म बस चालवून ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांच्या किडन्याही निवृत्त झाल्या. आता आठवड्यातून तीनदा ते मशीनला जोडून बसत.

“काय ताई, तिकीट असून उतरवलं आम्हाला,” काका म्हणाले. एवढं बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

“सकाळी पहिल्या काउंटरवर तुमचं नाव घातलं होतं हो. मी स्वतः बघितलं.”

“होतं ना. आता नाही.” सिस्टरांनी हात झटकला. “सगळ्या खुर्च्या भरल्यात. कुणाला उठवू? सुई टोचलेल्या माणसाला उठवू? गेल्या वेळी यांना उशिरा बसवलं, अर्ध्या वेळात उतरवलं. डॉक्टर मला फाडून खातात, ताई. तुम्हाला नाही खात.”

काकांनी पँट जरा वर ओढली आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. “बघा, रस्ता खराब झालाय,” ते म्हणाले. “पाणी साचतंय.”

ताईंना हसायला हवं होतं. त्यांच्या पोटात खड्डा पडला, तोही तसाच राहिला.

बिघाड साधा होता, म्हणजे सांगायला साधा. सेंटरमध्ये आता दोन काउंटर झाले होते. दोन्हीकडच्या सिस्टर सकाळी एकाच वेळी नंबरांचा तक्ता उघडत, आपापल्या पेशंटांत फेरफार करत आणि साठवत. जी नंतर साठवी, तिचा तक्ता राही. पहिलीनं केलेले फेरफार हवेत विरून जात. काका नेहमी पहिल्या काउंटरवर, आणि तिथली सिस्टर आधी साठवी, त्यामुळे विरणाऱ्यांत काका नेहमी पहिले. पूर्वी असा घोळ क्वचित व्हायचा. दुसरं काउंटर आल्यापासून ऊठसूट व्हायला लागला. कागदावर लिहून ठेवायची सोय उरली नव्हती, कारण सेंटर आधुनिक झाल्याची पाटी व्यवस्थापकांनी दारावर लावली होती आणि पाटी लागल्यावर कागद दिसणं त्यांना अपमानाचं वाटे. प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. राहिल्या ताई, ज्यांना मुळात टायपिंगसाठी घेतलं होतं.

हा प्रश्न ताईंनी गेल्या वर्षी फोरमवर विचारला होता. तेव्हा गुरुजी नव्हते. तेव्हा त्या ‘नवशिकी’ या नावानं गेल्या होत्या, आणि परक्या घरी पाहुणं म्हणून जावं तशा गेल्या होत्या. “नमस्कार. आपण सगळे जाणकार आहात. प्रश्न चुकीच्या जागी विचारला असेल तर माफ करा,” अशी सुरुवात करून त्यांनी सगळी हकीकत नीट लिहिली होती आणि शेवटी “धन्यवाद” म्हटलं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत एका सद्गृहस्थांनी प्रश्नाला हात लावला. ताईंना वाटलं, देव पावला. त्या सद्गृहस्थांनी प्रश्नातला ‘नमस्कार’ खोडला होता. दुसऱ्यानं येऊन ‘धन्यवाद’ खोडलं. त्या फोरमचा तो शिष्टाचारच होता: नमस्कारानं म्हणे जागा अडते. तिसऱ्यानं विचारलं, “गृहपाठ आहे का?” चौथा म्हणाला, “नर्सबाई, सुया टोचा, कोड राहू द्या.” त्याला चाळीस जणांनी पसंतीचा, वर जाणारा बाण दिला. पाचव्यानं, ‘निशाचर’ नावाच्या आणि घुबडाचं चित्र लावणाऱ्या एका बड्या जाणकारानं, “विचारण्याआधी वाचावं,” एवढं लिहून प्रश्नाला कुलूप ठोकलं. कारण दिलं: हा प्रश्न आधी विचारलेला आहे. ताई त्या आधीच्या प्रश्नावर गेल्या. त्यालाही कुलूप होतं, कारण तोही आधी विचारलेला होता. त्याच्या आधीचा प्रश्न पुसून टाकलेला होता.

ताईंच्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्यांनी कीबोर्ड उलटा करून आपटला. त्यातून बिस्किटाचा चुरा आणि एक टाचणी पडली. राग काढायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्पिरिटनं पुसूनही काढला.

गुरुजींचा जन्म झाला तो ड्रायव्हरकाकांमुळे, आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता. एकदा मशीनवर बसल्या बसल्या ते सांगत होते, “नवीन रूटवर टाकलं ना मला, की रस्ता विचारला तर एक प्रवासी तोंड उघडायचा नाही. सगळे खिडकीबाहेर बघणार. मग मी काय करायचो? मुद्दाम चुकीच्या गल्लीत बस घालायचो. अख्खी बस उठून उभी! अहो इकडे कुठे, डावीकडे घ्या, पुढच्या चौकातून वळा, अक्कल आहे का! झालं, रूट पाठ.”

ताई खोलीत परत आल्या आणि त्यांनी रंगाचा डबा शोधला.

पद्धत सोपी होती. ‘नवशिकी’नं प्रश्न विचारायचा. थोड्या वेळानं ‘एकमेव गुरुजीं’नी येऊन त्याचं छातीठोक चुकीचं उत्तर द्यायचं, आणि वर “यापेक्षा चांगलं कुणाला येत असेल तर दाखवा, नसेल तर गप बसा,” असा दम भरायचा. नवशिकीकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण गुरुजींची चूक दिसली की जाणकारांच्या नाकाला मिरच्या झोंबत. ताटावरून उठून लोक येत. पानंच्या पानं लिहीत, आकृत्या काढत, उदाहरणं देत, अधूनमधून गुरुजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ताई शिव्या बाजूला काढून ठेवत, तांदळातले खडे काढावेत तशा, आणि उरलेलं प्रोग्रॅममध्ये घालत. रिपोर्ट छापले जायला लागले. रक्ताच्या तपासण्या आपोआप दिसायला लागल्या. सेंटर खरोखरच आधुनिक झालं, आणि त्याचा सत्कार व्यवस्थापकांनी घेतला.

त्याबद्दल ताईंना राग नव्हता. राग वेगळाच होता, आणि तो रोज थोडा वाढत होता. विनवणी केली तर लाथ बसते आणि माज केला तर ज्ञान मिळतं, हे एकदा कळल्यावर माणसाला पुन्हा विनवणी करणं जड जातं. ताई घरी भाजीवाल्यावरही खेकसायला लागल्या.

तिथेच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या फोरमवर दोन पंथ होते. एक ‘शिडी’वाले, एक ‘जिना’वाले. शिडी आणि जिना ही प्रोग्रॅम लिहायची दोन तयार साधनं. दोन्हींनी माणूस वरच जातो, पण त्यांचं वैर पाहिलं असतं तर भावकीतल्या भांडणांनी मान खाली घातली असती. लग्नं मोडली होती म्हणे. सेंटरचा प्रोग्रॅम शिडीत होता, एवढंच गुरुजींचं शिडीशी नातं. एकदा चुकीचं उत्तर झणझणीत व्हावं म्हणून ताईंनी त्यात “जिनेवाल्यांना हे कळायला दुसरा जन्म घ्यावा लागेल” असं एक वाक्य टाकलं. दुसऱ्या दिवशी शिडीवाल्यांनी गुरुजींना खांद्यावर घेतलं होतं.

तेव्हापासून भलतंच व्हायला लागलं. गुरुजी चुकीचं लिहीत आणि लोक ते मान्य करत. आपला माणूस आहे ना, मग उत्तर बरोबरच असणार. दुरुस्ती करायला येणाऱ्याला आधी विचारलं जाई, तू कुठल्या बाजूचा? खरं उत्तर मिळवायला ताईंना दिवसेंदिवस जास्त मूर्खपणा करावा लागायला लागला.

म्हणून त्या सकाळी, ड्रायव्हरकाकांचं नाव गायब झालं त्या सकाळी, त्यांनी जमेल तितका मोठा मूर्खपणा केला होता. दोन काउंटरच्या घोळावर गुरुजींनी उत्तर दिलं होतं: “दोन सेकंद थांबा. साठवण्याआधी प्रोग्रॅमला दोन सेकंद झोपवा. झालं. जिनेवाल्यांना दोन सेकंद धीर नसतो, म्हणून त्यांना हे सुचलं नाही.” गर्दीत दोघंजण दारात अडकले तर दोघांनाही दोन सेकंद उशिरा पाठवण्यासारखा हा उपाय होता, दोघं दोन सेकंदांनंतर अडकणार. याच्यावर कुणी पेटणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं.

बाही झटकत ताई खोलीत परतल्या. निशाचर पेटला होता.

“या मूर्खाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही,” असं सुरू करून त्यानं भलंमोठं उत्तर लिहिलं होतं. ताई चष्मा डोळ्यांवर ओढून वाचायला लागल्या: नोंद उघडताना तिचा, दर फेरफाराला बदलणारा, क्रमांक लक्षात ठेवायचा. साठवताना तोच क्रमांक आहे का बघायचं. मध्ये दुसऱ्या कुणी फेरफार केला असेल तर साठवायचं नाही, माणसाला परत विचारायचं. शिडीत याची सोय आधीपासून आहे, पण नव्या आवृत्तीत ती बंद करून पाठवतात. ती चालू करायची ओळ कुठे दडवली आहे हे मला माहीत आहे, कारण शिडीचा तो भाग मीच लिहिला होता, पुढे मला हाकलून देण्याआधी. ती ओळ अशी—

“ताई!” सिस्टर दारात. “काकांना बसवायचंय. एकाला लवकर उतरवलं. मशीनवर त्यांचं नाव घ्या पटकन, त्याशिवाय ते सुरू होत नाही.”

ताई धावल्या. नाव घेतलं, मशीन सुरू झालं, काकांनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून “डबल बेल” म्हटलं. ताई धावत परत आल्या. पान आपोआप ताजं झालं होतं.

निशाचरच्या उत्तराच्या जागी एक राखाडी पट्टी होती: हे उत्तर लेखकाने काढून टाकले आहे.

खाली मात्र जत्रा भरली होती. गद्दार. शिडी सोडून जिन्याला गेलेला बाटगा. गुरुजींना मूर्ख म्हणतो काय! कुणीतरी निशाचरचं खरं नाव शोधून काढलं होतं, दुसऱ्यानं त्याच्या घराचा फोटो टाकला होता, तिसऱ्यानं घरचा फोन नंबर. “सगळ्यांनी एकेक फोन करा, दोन सेकंद थांबा आणि ठेवा,” अशी मोहीम निघाली होती. उत्तराचा फोटो बऱ्याच जणांनी काढला होता, पण फक्त पहिल्या ओळीचा, ज्यात गुरुजींना मूर्ख म्हटलं होतं. पुढचं कुणी वाचलंच नव्हतं. सगळ्यात वर गुरुजींचा ‘दोन सेकंद थांबा’ हा उपाय झळकत होता, त्याला हिरवी बरोबरची खूण लागलेली, आणि खाली आरोळ्या: गुरुजींचा विजय असो!

ताई पडद्याकडे बघत बसल्या. त्यांना त्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि सुरुवात कुठून करायची ते कळेना, कारण रांगेत पहिले मिशीवाले गृहस्थ होते.

संध्याकाळी डॉक्टर खोलीत आले. ते कधी येत नसत. “परवा त्यांचा नंबर आहे,” ते उभ्याउभ्याच म्हणाले. “आज जेमतेम निम्मं पाणी निघालंय. परवा चुकलं तर त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. या वयात तिथून परत येणारे मी फार पाहिले नाहीत. तेवढं बघा.”

“बघते,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ‘नवशिकी’ या नावानं निशाचरला खासगी निरोप लिहिला. “मीच एकमेव गुरुजी. मिशी रंगाच्या डब्यावरची आहे. मी डायलिसिस सेंटरमध्ये काम करते. तुम्ही काढून टाकलेल्या उत्तरात एका माणसाचा जीव अडकलाय. ती ओळ तेवढी सांगा.”

उत्तर लगेच आलं. “विनोद बरा आहे. खरं असेल तर आणखी वाईट. मदत हवी होती तर सरळ विचारायचं होतं. माणसासारखं.”

माणसासारखं! ताईंनी तो शब्द दोनदा वाचला. मग त्यांनी गेल्या वर्षीचा आपला कुलूपबंद प्रश्न शोधून काढला, चिकटवला, आणि लिहायला बसल्या. बोटं इतकी जोरात आपटत होती की पलीकडच्या सिस्टरनं डोकावून पाहिलं.

“माणसासारखंच विचारलं होतं. हा घ्या. कुलपावरचं नाव वाचा, तुमचंच आहे. नमस्कार लिहिला होता, तो तुम्ही लोकांनी खोडला. धन्यवाद म्हटलं होतं, तेही खोडलं. त्याची जागा अडते ना? मग आता कालपासून तिथे जो उकिरडा साचलाय त्याला जागा कुठून आली? तुमच्या दारात बाई सरळ येऊन उभी राहिली तर तिला वाचून या म्हणून हाकललंत. काय वाचू? कुलपं वाचू? आणि तीच बाई मिशी लावून, तुमचा बाप काढत आली तेव्हा पानभर उत्तर लिहायला बसलात. म्हणजे उत्तर तुम्हाला येत होतं. तेव्हाही येत होतं! फक्त समोरच्याचं नाक कापायला मिळाल्याशिवाय ते तुमच्या हातून सुटत नव्हतं. मला नका शिकवू माणसासारखं कसं विचारायचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला माजोरडा पुरुष व्हायला लावलंत, आणि वाईट एवढंच की मला ते फार सोपं गेलं. आता ओळ सांगा. माणूस उद्या सकाळी येणार आहे.”

उत्तराची वाट बघत ताईंनी दोनदा प्रिंटर सोडवला. एकदा व्यवस्थापक येऊन पंख्याबद्दल बोलून गेले.

मग उत्तर आलं. पूर्ण उत्तर, काल होतं तसंच, फक्त पहिली मूर्खाची ओळ नव्हती. दडलेली ती ओळ होती. ती चालवून कशी बघायची, तेही होतं. माफी नव्हती. अगदी शेवटी एक परिच्छेद होता.

“एक विनंती आहे. तुमच्या माणसांना सांगा, घरच्या नंबरवर फोन करू नका. तो आईचा नंबर आहे. तिला कमी ऐकू येतं, शिव्या कळत नाहीत. ती प्रत्येकाला जेवलात का म्हणून विचारते. तिचे ते आवाज रेकॉर्ड करून ही माणसं फोरमवर टाकताहेत. मी तिला काही सांगितलेलं नाही. मी इथून जातो आहे, पुन्हा येणार नाही.”

ताईंनी आधी ते रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकायला नको होतं. मग मिशीवाल्यांच्या नावानं फोरमवर लिहिलं: “निशाचर यांच्या घरी कृपया कुणीही फोन करू नये. त्यांच्या आईला त्रास होतो. त्यांचं उत्तर बरोबर होतं, माझं चूक होतं.”

लगेच पहिला शिष्य बोलला.

“अकाउंट चोरीला गेलंय. गुरुजी ‘कृपया’ लिहीत नाहीत.”

“शंभर टक्के! गुरुजी आणि चूक? हे घुबडाचंच काम आहे.”

“घुबडानं गुरुजींना पळवलं! आता तर त्याला सोडायचा नाही. लावा रे फोन!”

ताईंनी ठेवणीतली भाषा बाहेर काढली. “गाढवांनो, फोन बंद करा म्हणतोय ना!” असं त्या लिहीत होत्या, पण ते जाईना. शिष्यांनीच तक्रारी करून गुरुजींचं अकाउंट बंद पाडलं होतं, गुरुजींच्याच रक्षणासाठी. पाठोपाठ ‘नवशिकी’लाही दार लागलं, ती गुरुजींच्याच कॉम्प्युटरवरून येते हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. कुलपावर कारण लिहिलं होतं: सभ्यतेचा भंग.

ताईंनी फोरम मिटला आणि प्रोग्रॅम उघडला. ती ओळ एका अशा फायलीत होती जिथे ती कुणाला बारा वर्षं सापडली नसती. त्यांनी ती चालू केली. थोरल्या सिस्टरांना एका काउंटरवर बसवलं, धाकटीला दुसऱ्या, आणि दोघींना एकदम साठवायला लावलं.

“अय्या, हे मला विचारतंय!” धाकटी म्हणाली. “‘तक्ता मध्येच बदलला आहे, पुन्हा पाहा’ म्हणतंय.”

“मग पाहा की,” ताई इतक्या खेकसून म्हणाल्या की ती बिचारी रडवेली झाली. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुला नाही गं बोलले.”

सकाळी ड्रायव्हरकाका आले तेव्हा त्यांचं नाव होतं. दोन्ही काउंटरवर होतं. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. सुया टोचून झाल्यावर त्यांनी ताईंना जवळ बोलावलं.

“काय ताई, चेहरा का असा? गाडी कुणाच्या अंगावर घातली की काय?”

काका गमतीनं बोलले होते. मशीनचं चाक शांतपणे फिरत होतं.

“तुम्ही ते चुकीच्या गल्लीत बस घालायचात ना,” थोड्या वेळानं ताईंनी विचारलं, “तिथे कुणी मध्ये आलं म्हणजे? त्या गल्लीतलं?”

काकांनी बराच विचार केला. “मी हळू घालायचो हो,” ते म्हणाले.

खोलीत येऊन ताईंनी दार लावलं. खुर्चीत न बसता त्या नळ्यांच्या खोक्यावर बसल्या. नंबर शोधावा लागला नाही. तो फोरमभर पसरला होता आणि पाहून पाहून पाठ झाला होता. तीनदा घंटा वाजली, चारदा, पाचदा. ठेवून द्यावा असं वाटत असतानाच कुणीतरी उचलला.

“हॅलो! कोण? मोठ्यानं बोला हं.”

“आई, मी...” नाव कुठलं सांगणार? “मी तुमच्या मुलाच्या ओळखीची. माफी मागायला फोन केला होता.”

“काय मागायला?”

“माफी! माफी!” ताई ओरडल्या. बाहेर कुणीतरी थबकलं. “हे जे फोन येतात ना तुम्हाला, ते माझ्यामुळे येतात. उचलू नका तुम्ही. चांगली माणसं नाहीत ती.”

“हो ना, किती फोन येतात!” म्हातारीचा आवाज खुलला. “इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं. मुलाच्या कामातली मंडळी आहेत सगळी. पण लाजतात. मी बोलायला लागले की ठेवून देतात. तू जेवलीस का?”

“हो,” ताई म्हणाल्या. “नाही. जेवेन आता.”

“जेव हो वेळेवर. हा पण बघ ना, दोन दिवस ताटाला हात लावत नाही. म्हणतो आई, फोन बंद करून ठेव. आता बंद कसा ठेवायचा? कुणी आपुलकीनं करतं.” मग फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याचा खरखराट झाला, आणि आवाज एकदम हळू, ओशाळा झाला. “तू त्या कॉम्प्युटरमधलीच ना गं? मग एक विचारू? फार साधं आहे, हसू नकोस. मी आत स्वयंपाकघरात असले की कुणाकुणाचे फोन वाजून बंद होतात, मला कळतच नाही. वाईट वाटत असेल ना त्यांना. ह्याची घंटी जरा मोठी कशी करायची, तेवढं सांगतेस?”